सेंट जॉन बेटावरचे गुऱ्हाळ

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आम्ही सगळे शनिवारी रात्री सुखरूप घरी पोहोचलो, हे फोनवर कळवलेच आहे. "कसे होते बेट?" असे बाबांनी विचारले तेव्हा मागे बॅगा उपसण्याचा गोंधळ चालला होता, म्हणून मी "छान होते" एवढेच बोलून फोन ठेवला. जे सांगायचे होते ते तसेच राहून गेले. आज मुले शाळेत गेल्यावर सवडीने लिहायला बसले आहे.

सेंट जॉन हे कॅरिबियन समुद्रातले जेमतेम पन्नास चौरस किलोमीटरांचे बेट. १९१७ साली डेन्मार्कने शेजारच्या बेटांसह ते अडीच कोटी डॉलरांच्या सोन्याच्या मोबदल्यात अमेरिकेला विकले. तेथे विमानतळ नाही. न्यू जर्सीतल्या नेवार्कहून विमानाने सेंट थॉमसला उतरायचे आणि पुढे वीसेक मिनिटे बोटीने जायचे. गाड्या आपल्यासारख्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, पण गाड्या अमेरिकेतल्या असल्यामुळे स्टिअरिंगही डावीकडेच. तुमचे जावई पहिले दोन दिवस दरीच्या बाजूला बसून गाडी हाकत होते आणि मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते. रस्त्यात मध्येच गाढवे उभी असत. उसाच्या मळ्यांवर ओझी वाहणाऱ्या गाढवांचे हे वंशज, आता मोकाट झालेले आणि हॉर्नला अजिबात न जुमानणारे.

आई, आता तुझ्यासाठी एक गोष्ट. आम्ही आणि भाऊजींचे कुटुंब अशा दोन बिऱ्हाडांनी मिळून आठ दिवसांसाठी भाड्याने घेतलेले घर डोंगरउतारावर होते. खाली समुद्र, व्हरांड्यात झोपाळा, अंगणात चाफा. (आपल्या देवळापुढचा चाफाही मूळचा अमेरिका खंडाच्या याच उष्ण पट्ट्यातला, हे मला तिकडे गेल्यावर समजले.) एवढा थाट असूनही न्हाणीघरात मात्र पाटी लावली होती, की पाणी पावसाचे आहे, जपून वापरा. या बेटावर बारमाही नदी नाही. त्यामुळे छपरावर पडणारा पाऊस पन्हाळ्यांतून घराखालच्या हौदात साठवायचा, अशी तेथे रीत आहे, आणि घर बांधताना तसा हौद करणे कायद्यानेच बंधनकारक आहे. भाऊजींच्या दोघी कॉलेजकन्या अर्धा अर्धा तास शॉवरखाली उभ्या राहत. तिसऱ्या संध्याकाळी पंप घुरघुरू लागला आणि नळातून नुसती हवा येऊ लागली. देखभालीला ठेवलेल्या माणसाने येऊन हौदाचे झाकण उचलले, आत लांब काठी बुडवली आणि टोकाला लागलेला गाळ आम्हाला दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी, आई, त्या समुद्राकाठच्या बंगल्याच्या दारात चक्क टँकर आला. तुझ्या माहेरी आटपाडीला टँकर आला की घागरी घेऊन धावणाऱ्या मामींची मला इतकी आठवण झाली, की मी नकळत स्वयंपाकघरातले मोठे पातेले हातात घेऊन बाहेर आले, आणि सगळे हसले. टँकरचे पैसे आमच्याकडूनच वसूल केले गेले. करारात तसे बारीक अक्षरांत लिहिले होते म्हणे. आम्ही आलो तेव्हा हौद किती भरलेला होता, हे मात्र कोणी मोजून दाखवले नव्हते, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

समुद्रकिनाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही, फोटो पाठवलेच आहेत. लॉरन्स रॉकफेलर या अमेरिकन धनिकाने पाच हजार एकरांहून अधिक जमीन विकत घेऊन सरकारला दिली आणि १९५६ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. म्हणून निम्म्याहून अधिक बेट अजून जंगलाखाली आहे आणि किनाऱ्यावर हॉटेलांची रांग नाही. धाकट्याने पाण्याखाली डोके घालून कासव पाहिले आणि तो दोन दिवस दुसरे काही बोलतच नव्हता.

बाबा, मला खरे सांगायचे आहे ते ॲनाबर्गविषयी. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका टेकडीवर साखरेच्या जुन्या कारखान्याचे अवशेष आहेत. आम्ही गेलो ते पवनचक्कीचा दगडी बुरूज पाहायला. तो सुमारे ३८ फूट उंच आहे, आणि त्याच्या भिंतीत स्थानिक दगडाबरोबर समुद्रातले प्रवाळ आणि डेन्मार्कहून जहाजाच्या तळात भार म्हणून आलेल्या विटाही बसवलेल्या आहेत. वारा असेल तेव्हा या चक्कीवर ऊस गाळायचा आणि वारा पडला की शेजारच्या गोल चौथऱ्यावर जनावरे जुंपून गाळायचा. आजोबांच्या काळी आपल्या गुऱ्हाळावर बैलांचा चरक होता, असे तुम्ही सांगत असा. तो चौथरा पाहून मला पहिल्यांदा ते नीट समजले. तेथून रस उताराने उकळण्याच्या घरात येई. मी त्या घरात पाऊल टाकले आणि कोणी काही सांगण्याआधीच मला कळले की हे गुऱ्हाळ आहे. एका लांब ओट्यात ओळीने काहिली, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढया, बसवण्याच्या गोल खाचा, खाली चुलवणाची तोंडे, आणि जळण म्हणून काय, तर वाळवलेले चिपाड. तेथेही मळी काढत, फक्त आपल्याकडे भेंडीचा रस घालतात तेथे चुना घालत. रस मोठ्या काहिलीतून लहान काहिलीत पळ्यांनी ओतत न्यायचा, शेवटच्या काहिलीत दाणा धरू लागला की उतरवायचा, आणि खाली निथळलेल्या काकवीसारख्या पाकाची रम करायची. पाक कधी उतरवायचा, हे ओळखणारा माणूस तेथेही सगळ्यांत मोलाचा होता. मुलांना मी हे सगळे हातवारे करून सांगत होते, आपला गुळव्या बोटांत पाक घेऊन पाण्यात बुडवून कसा बघायचा, तेही दाखवले, आणि मला मोठा अभिमान वाटत होता.

तेवढ्यात थोरली एका फलकापुढे उभी राहून वाचू लागली, आणि माझे बोलणे थांबले. हा सगळा डोलारा आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी उभारला आणि चालवला होता. अशा घाण्यांजवळ कुऱ्हाड ठेवलेली असे, कारण ऊस सारताना कोणाचा हात घाण्याच्या रुळांत सापडला तर घाणा थांबवण्यापेक्षा हात तोडणे लवकर होई. १७३३ च्या नोव्हेंबरमध्ये याच बेटावरच्या गुलामांनी जळणाच्या मोळ्यांत कोयते लपवून किल्ल्यात नेले आणि बेट ताब्यात घेतले. काही महिने त्यांनी ते राखले. शेवटी मार्टिनिकहून फ्रेंच सैनिक आणून ते बंड मोडावे लागले. ॲनाबर्गच्या अंगणात उभे राहिले की समोर टोर्टोला बेटावरची घरे दिसतात. ते ब्रिटिशांचे. १८३४ साली तेथे गुलामी कायद्याने संपली, डॅनिश बेटांवर मात्र ती १८४८ पर्यंत चालू राहिली. मधल्या चौदा वर्षांत इकडची माणसे रात्री होड्यांतून, काही पोहतसुद्धा, ती खाडी ओलांडून पळत. गुलामी संपल्यावर मजूर कमी पडू लागले, तेव्हा १८६३ साली कोलकात्याहून तीनशेच्या आसपास भारतीय मजूर शेजारच्या सेंट क्रॉय बेटावर नेले गेले. करार संपल्यावर त्यांतले बहुतेक परत गेले. राहिले ते आपल्याकडचे मुंगूस! उसातले उंदीर मारायला आणलेले, पण उंदीर रात्री हिंडतात आणि मुंगूस दिवसा, त्यामुळे दोघेही सुखाने नांदले. आमच्या देखत एक मुंगूस भिंतीवरून तुरुतुरु गेले.

परतताना गाडीत थोरलीने विचारले, "आई, आजोबांच्या गुऱ्हाळावरच्या लोकांना रात्री घरी जाता यायचे का?"

मी लगेच म्हटले, की अर्थातच, ते पगारी लोक होते आणि सणाला त्यांच्या घरी गुळाची ढेप जायची. ते खोटे नाही, आणि या दोन गोष्टी एका तराजूत घालण्यासारख्या नाहीत, हेही मला पक्के माहीत आहे. पण रात्री झोप येईना. मला आठवल्या त्या मळ्याच्या कडेच्या पाचटाच्या कोप्या, बीडकडून आलेली माणसे, आणि मुकादमाशी तुमचे उचलीवरून, म्हणजे मजुरांना आगाऊ दिलेल्या पैशांवरून, होणारे बोलणे, जे आम्ही आत आलो की थांबायचे. चरकात बोटे गेलेल्या एका माणसाला तुम्ही बुलेटवरून कोल्हापूरला नेले होते, तेव्हा मी दुसरीत होते. तो माणूस पुढच्या हंगामाला आला का, हे मी कधी विचारलेच नाही. गुऱ्हाळ बंद झाल्यावर तुम्ही तो विषयच काढत नाही, आणि आम्हीही तुम्हाला दुखवायला नको म्हणून गप्प बसतो. मी हिशेब मागत नाही, बाबा. मला माझ्या मुलीला अर्धवट उत्तर द्यायचे नाही, एवढेच.

पुढच्या खेपेला तुम्ही दोघे इकडे आलात की आपण तेथे जाऊ. खाली गावात पायऱ्या नसलेले घर पाहून ठेवले आहे, म्हणजे बाबांच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही. पासपोर्ट मात्र जवळ लागेल, कारण परतताना सेंट थॉमसच्या विमानतळावर तपासणी होते. आई, भाजणी आणि मेतकूट मी नेणार आहेच. तेथे सगळे बोटीने येते, म्हणून वाण्याचे बिल पाहून छातीत धडकी भरते.

सोबत थोरलीने काढलेला ॲनाबर्गचा आराखडा पाठवत आहे. कागदाची उजवी बाजू तिने आपल्या गुऱ्हाळासाठी कोरी ठेवली आहे. चरक कोठे होता, काहील किती फुटी, एका आधणाला गुळाचे किती रवे निघत, आणि हंगामात कोण कोण कामाला असे, त्यांची नावे बाबांनी तेथे लिहून कागद परत पाठवावा. अक्षर मोठे काढा. तिला मराठी वाचता येते, पण जोडाक्षरांपाशी ती अडखळते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
ताई