‘मूळ’ लाल भिंतींची गोष्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बॅसिलिका या चर्चवरचा लेख कालच्या पुरवणीत वाचला. १५९४ ची पायाभरणी, १६०५ चा अभिषेक, सगळी सनावळी बिनचूक. अभिनंदन. पण ‘चारशे वर्षे आपला मूळ लाल रंग मिरवणारा जांभा’ हे वाक्य छापण्याआधी कोणी वाचले होते का?

या भिंतींवर साडेतीनशे वर्षे चुन्याचा गिलावा होता. जुन्या छायाचित्रांत तो दिसतो. पोर्तुगीज अमदानीतच, १९५० च्या दशकात, वास्तू अधिक पुरातन दिसावी म्हणून तो खरवडून काढला. म्हणजे ‘मूळ’ रंगाचे वय सत्तरच्या आसपास!

जांभा हा लाल दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की वरचे कवच घट्ट होते. आत मात्र भोकेच भोके, आणि त्यांत पिवळी माती. तिरपा पाऊस ती माती धुऊन नेतो, भोक रुंदावते, पाणी मुरते, शेवाळ धरते, एखाद्या फटीत पिंपळ रुजतो. पुढे उन्हात कवच पापुद्र्यांनी सुटते. कोकणातली जांभ्याच्या चिऱ्याची घरे उघडीच असतात की, असे कोणी म्हणेल. त्या घरांच्या छपराची पाखी दोन-अडीच फूट पुढे येतात, आणि तरीही पावसाळ्यात भिंतींना झावळ्यांच्या झडपा बांधतात. बॅसिलिकेच्या तीन मजली दर्शनी भिंतीला कसले पाखे आणि कसल्या झडपा? तिथे टिकतो तो वसईहून नेलेला काळा कोरीव दगड. जांभा झिजतो.

२०२० साली बॅसिलिकेच्या रेक्टरांनीच (प्रमुख धर्मगुरूंनीच) पुन्हा गिलावा करा म्हटले, तर ‘सौंदर्य जाईल’ म्हणून ओरड झाली. गिलावा करायचा तर चुन्याचाच हवा, सिमेंटचा नको. सिमेंट ओल आत कोंडते आणि पडताना दगडाचे कवच घेऊनच पडते. आधी शेवाळ आणि मुळे काढायची, सुटे कवच हलक्या हाताने झाडायचे, मोठी भोके चुना आणि जांभ्याच्या खड्यांनी भरायची, भिंत भिजवायची. मग महिनाभर पाण्याखाली मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली वाळू तीन भाग, असे पातळ थर, आणि प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखाली सावकाश वाळू द्यायचा. पाऊस सरल्यावरच हे काम करायचे, आणि पुढे दर वर्षी चुन्याच्या निवळीचा हात. घाईने केलेल्या गिलाव्याला तडे जातात, मग दोष चुन्याला!

ता. क. : फोटोखाली ‘संत झेवियरची इटालियन चांदीची पेटी’ असे छापले आहे. संताचे अवशेष ठेवलेली ही पेटी १६३६-३७ मधली, गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेली. इटलीहून, टस्कनीच्या ड्यूकची भेट म्हणून आला तो खालचा संगमरवरी चौथरा, १६९८ मध्ये बसवलेला. आणि बॅसिलिका संत झेवियरला नव्हे, बाळ येशूला अर्पण केलेली आहे. येशू तर ‘बॉम जेझूस’ या नावातच आहे.

आपला,
एक नियमित वाचक