केगावला हब करा, पण प्लॉटिंग नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सध्या सोलापुरात चार माणसं जमली की आयटी पार्कचा विषय निघतोच. 2025 मध्ये मुख्यमंत्र्यांनी सोलापूरला आयटी पार्क करायचं जाहीर केलं, त्याच वर्षी होटगी रोडवरून विमानं पण उडायला लागली, आधी गोव्याला मग मुंबईला, त्यामुळे लोकांना वाटायला लागलंय की आता खरंच काहीतरी होणार. होऊ दे की, कुणाला नकोय. पण मला लिहायचंय ते पुणे रोडबद्दल, म्हणजे बाळ्याच्या पुढं केगावला जिथं आपलं सोलापूर विद्यापीठ आहे त्या पट्ट्याबद्दल. सोलापुरात इनोव्हेशन का काय म्हणतात ते व्हायचंच असेल तर तिथं व्हायला सगळं हाताशी आहे, आणि वाट लागायची असेल तर ती पण तिथंच सगळ्यात आधी लागेल असं मला दिसतंय.

बघा ना, तिथं काय काय आहे. विद्यापीठ 2004 सालचं, त्याआधी आपण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होतो, एका मार्कशीटसाठी पोरं कोल्हापूरला चकरा मारायची. आता फिजिक्स, केमिस्ट्री, कॉम्प्युटर, भूशास्त्र सगळं कॅम्पसवर आहे, नवीन धंदा काढणाऱ्या पोरांसाठी इन्क्युबेशन सेंटर पण आहे. त्याच केगावात त्याच हायवेला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, 2005 पासून, आख्ख्या देशाचं डाळिंबाचं संशोधन इथून चालतं, 'सोलापूर लाल' ही जात यांनीच काढली. बाहेरगावचा माणूस हे ऐकून डोळे मोठे करतो, आणि आपल्या गावातल्या दहा जणांना विचारा, आठ जणांना हे केंद्र कुठं आहे तेच माहीत नसतं. थोडं पुढं गेलं की चिंचोळी एमआयडीसी. म्हणजे विद्यापीठ, संशोधन केंद्र आणि कारखाने एकाच रस्त्याला. परदेशात लोक असली जुळणी करायला पन्नास वर्षं घालवतात.

आणि या सगळ्याच्या मधे मधे काय उगवतंय तर प्लॉटिंगचे बोर्ड. "विद्यापीठापासून पाच मिनिटांवर, भावी आयटी हब, एनए प्लॉट, बुकिंग सुरू." प्लॉट घेणारा पण सोलापूरचाच, किंवा पुण्यात नोकरी करणारा सोलापूरचाच पोरगा, तो तिथं काही करणार नाहीये, तो फक्त तार कंपाऊंड मारून भाव वाढायची वाट बघणार आहे. त्याची चूक नाही, पैसा कुठंतरी लावायलाच लागतो. पण सगळा पट्टा असाच तुकड्या तुकड्यात विकला गेला तर उद्या खरोखर एखादी कंपनी आली, किंवा विद्यापीठातल्या पोरांनीच काहीतरी काढलं आणि त्यांना शेड टाकायला वीस गुंठे जागा पाहिजे झाली, तर ती मिळणार कुठं, आणि कुठल्या भावात?

लोक सिलिकॉन व्हॅलीचं नाव घेतात म्हणून सांगतो, तिथं सुरुवात कशी झाली ते जरा वाचण्यासारखं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे जमीन मुबलक होती आणि पैसा कमी, पण विद्यापीठ ज्यांनी काढलं त्या लेलँड स्टॅनफर्डनी देणगी देतानाच अट घातलेली की ही जमीन विकायची नाही. मग 1951 मध्ये विद्यापीठानं डोकं लढवलं, जमीन कंपन्यांना लीजवर द्यायची, विकायची नाहीच. टर्मन नावाचे इंजिनिअरिंगचे डीन त्यामागं होते, त्यांनी ठरवलं की ज्यांचा विद्यापीठाशी कामाचा संबंध येईल अशाच कंपन्या घ्यायच्या, पहिली आली ती व्हेरियन, मग ह्युलेट-पॅकर्ड, आणि हे ह्युलेट नि पॅकर्ड दोघं टर्मनचेच विद्यार्थी. जमीन आजपण विद्यापीठाचीच आहे, भाडं अजून चालू आहे. म्हणजे न विकण्याची अट ही अडचण वाटायला पाहिजे होती, उलट तीच कामाला आली. (आपल्याकडे अशी अट कुणी घातली असती तर पहिली मीटिंग ती अट कशी काढायची यावरच झाली असती.)

एवढं लांब पण जायला नको. आयआयटी मद्रासनी 2010 च्या सुमारास स्वतःचं रिसर्च पार्क चालू केलं, तिथं कंपनीला नुसतं भाडं भरून चालत नाही. दरवर्षी प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांबरोबर काम करून क्रेडिट कमवायला लागतात, पोरांना पार्टटाईम काम द्या, संशोधनाचा प्रोजेक्ट द्या, तरच तुम्ही तिथले. किती साधा नियम आहे. आपल्या केगावला, होटगीला किंवा कुठंही हब होईल तेव्हा हा एक नियम जरी टाकला तरी कॉल सेंटर टाकून नावाला 'इनोव्हेशन' लिहिणारे आपोआप गळतील.

यावर माझा एक मित्र म्हणतो, अरे आधी येऊ तर दे कुणालातरी, कॉल सेंटर तर कॉल सेंटर, पोरं हडपसर-वाघोलीला खोल्या करून राहतायत ती घरी तरी येतील. त्याचं म्हणणं मला कळतं, माझा पुतण्या पण तिकडंच आहे, दर शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसनं येतो नि रविवारी जातो. पण स्वस्त जागा नि स्वस्त पोरं बघून आलेली कंपनी दुसऱ्या गावाला आणखी स्वस्त मिळालं की जाते, तिला इथं धरून ठेवणारं काही नसतं. सोलापूरला हे नवीन सांगायला नको. जुनी मिल 1877 ला सुरू झाली, मग विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी, आख्खं गाव भोंग्यावर उठायचं, आणि बंद पडल्यावर त्या जागांचं काय झालं ते आपण रोज बघतो. उद्योगाच्या जागेवर एकदा प्लॉट पडले की परत उद्योग येत नाही.

आता माझ्या धंद्याचं सांगतो, म्हणजे मला नक्की काय पाहिजे ते कळेल. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेल काढतो, जुने शटलचे माग आहेत. टॉवेलला दोन बीम लागतात, एक खालच्या कापडाचा आणि एक वरच्या लूपचा. लूपच्या बीमचा ताण धरायला बीमवर दोरी टाकून तिला वजन टांगलेलं असतं, आणि बीम जसजसा रिकामा होतो तसा त्याचा घेर कमी होतो आणि त्याच वजनाला सुताचा ताण वाढत जातो, लूप आखूड पडायला लागतो. मग माग चालवणारा माणूस हातानं अंदाज घेऊन वजन कमी करतो. चांगला जुना कामगार असला तर त्याच्या बोटांना कळतं. नवा असला तर एकाच बीमवरचा पहिला टॉवेल आणि शेवटचा टॉवेल यांच्या वजनात फरक पडतो, आणि एक्सपोर्टवाला काट्यावर ठेवून सगळा लॉट परत करतो. माझा आलाय परत. आता चांगले जुने कामगार कमी कमी होत चाललेत आणि त्यांची पोरं या धंद्यात येत नाहीत, का येतील.

हा प्रश्न आहे दोरीच्या जागी ताण मोजणारं काहीतरी बसवायचा. नवीन परदेशी, बिनशटलच्या रॅपियर लूमवर हे सगळं इलेक्ट्रॉनिक असतं, पण त्या एका लूमच्या पैशात माझी आख्खी शेड होते. जुन्या मागाला बसेल, शहराच्या पूर्व भागातल्या छोट्या कारखानदाराला परवडेल आणि बिघडलं तर इथल्याच फिटरला उघडता येईल असं काही पाहिजे. फिजिक्सचा एक, इलेक्ट्रॉनिक्सचा एक आणि एक जुना जॉबर (मागांची जोडणी-दुरुस्ती बघणारा) असे तिघं सहा महिने बसले तर होईल असं मला वाटतं. अशी पोरं केगावला आहेत. पण केगाव गावाच्या त्या टोकाला, अक्कलकोट रोड या टोकाला, आणि प्रोजेक्ट सबमिट करायची वेळ आली की पोरं इंटरनेटवरून कसला तरी अटेंडन्सचा ॲप उतरवून देतात.

सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांचं पण तेच. तेल्या, मर हे रोग, आणि त्यात पिन होल बोरर या खोड पोखरणाऱ्या किड्यानं तर बागाच्या बागा काढून टाकायची वेळ आणली. शास्त्रज्ञ केगावलाच बसलेत, शेजारी विद्यापीठात कॉम्प्युटरवाली पोरं बसलीत, खोडावरचं भोक फोटोवरून लवकर ओळखता येईल का, यावर दोघांनी एकत्र बसायला मधे फक्त कंपाऊंडच्या भिंती आहेत. माझ्या मते इनोव्हेशन हबची सुरुवात त्या भिंतींना गेट पाडून करावी, काचेची बिल्डिंग नंतर बघू.

गेट पडलं तरी तिथं पोचायचं कसं हा प्रश्न उरतोच. सिटी बसची हालत मी काय सांगू, पोरं शेअर रिक्षात दाटीवाटीनं बसून हायवेनं जातात, शेजारून ट्रक. सिडनीत मॅक्वारी पार्क म्हणून भाग आहे, तिथं पण 1960 च्या दशकात उपनगरात विद्यापीठ काढलं, आजूबाजूला कंपन्या आणल्या आणि सगळं गाड्यांच्या भरवशावर सोडलं, रेल्वे आली ती 2009 ला. तोपर्यंत लोक ट्रॅफिकमध्ये बसून राहिले. हिंजवडीचं तर आपल्याला तोंडपाठ आहे. आपल्याला ही चूक फुकटात टाळता येते, कारण आपल्याकडे अजून कंपन्याच आलेल्या नाहीत. स्टेशन, जुना पुणे नाका, बाळे, विद्यापीठ, चिंचोळी अशी दर पंधरा मिनिटाला एक बस, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीवरून थेट विद्यापीठाला दिवसातून निदान चार फेऱ्या. हायवे हा एकच रस्ता धरून पण चालणार नाही, 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा लांबोटीजवळ हाच हायवे बंद पडलेला सगळ्यांनी बघितलाय.

पाण्याबद्दल थोडक्यात. ज्या गावाला काही दिवसाआड नळाला पाणी येतं त्या गावानं पंचवीस मजली टॉवरची चित्रं छापू नयेत. डाईंगचं पाणी साफ करून परत वापरायचं स्वस्त तंत्र हा सुद्धा केगावच्या केमिस्ट्रीवाल्यांचाच विषय आहे, त्यावर कुणी काम करत असेल तर आपल्या पेपरानं जरूर छापावं, आम्ही कारखानदार वाचू.

माझी मागणी एवढीच की विद्यापीठाच्या जागेतला आणि आसपासच्या सरकारी जमिनीचा एक तुकडा आत्ताच राखून ठेवा, तो कुणाला विकायचा नाही असं लेखी करा, त्यावर साध्या पत्र्याच्या शेड टाका आणि विद्यापीठातल्या पोरांबरोबर काम करणाऱ्याला, मग तो पुण्याचा असो की पूर्व भागातला, कमी भाड्यानं द्या. हे पालकमंत्री, महापालिका, एमआयडीसी आणि विद्यापीठ यांनी एका टेबलावर बसून ठरवायचं आहे, आणि जमिनीचे भाव अजून हाताबाहेर गेले नाहीत तोवर ठरवायचं आहे.

आणि वर लिहिलेल्या ताणाच्या भानगडीवर कुणा विद्यार्थ्याला खरंच काम करायचं असेल तर माझे दोन माग प्रयोगाला मोकळे करून देतो, खराब झालेलं सूत पण माझ्या खात्यावर. फक्त दिवाळीच्या आधीचे दोन महिने सोडून या, तेव्हा ऑर्डरी असतात. पत्ता संपादकांकडे देऊन ठेवतोय.

आपला,
एक टॉवेल कारखानदार,
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर