ड्रॅगन बोटीचा सण आणि वू झीशूवरचा अन्याय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत चीनमधल्या ड्रॅगन बोट सणाचे फोटो छापलेत. फोटो खूपच छान आहेत, पण सोबतचा मजकूर वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. त्यात म्हटलंय की हा सण कवी छू युआनच्या आठवणीत असतो, आणि शेवटी एका ओळीत वू झीशूचं नाव येतं ते "शत्रूच्या प्रेताला फटके मारणारा सूडखोर सेनापती" एवढंच. मिस्टरांच्या नोकरीमुळे मी तीन वर्षं सूझोउ शहरात राहिलेय. तिथे आमच्या शेजारच्या आयी (आयी म्हणजे मावशी) सणाच्या आदल्या दिवशी बादलीत पानं भिजत घालायच्या, चिकट तांदूळ आणि लाल बीन्सचं गोड सारण पानात भरून दोऱ्याने करकचून बांधायच्या, आपल्या हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवाव्यात असं काहीसं. मी पहिल्याच वर्षी त्यांना छू युआनबद्दल विचारलं तर हातातलं पान खाली ठेवून म्हणाल्या, तो बाकीच्यांचा, आमचा वू झीशू.

आणि हे काही नुसतं गावाचं प्रेम नाही. इ.स. १४३ मध्ये शाओशिंगजवळच्या नदीत चिनी पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, म्हणजे या सणाच्याच दिवशी, एक भगत बुडाला, तो त्या दिवशी पाण्यात उतरला होता तो लाटेच्या देवाचं स्वागत करायला, म्हणजे वू झीशूचं. त्याच्या १४ वर्षांच्या मुलीने, छाओ अने, बापाला शोधता शोधता त्याच नदीत जीव दिला आणि आज त्या नदीला तिचंच नाव आहे. म्हणजे त्या भागात हा दिवस तेव्हापासून तरी त्याचाच आहे, आणि तो छू युआनच्या दोनशे वर्षं आधी गेलेला माणूस.

आता सूडाचं. सूड त्याने घेतला हे खरंय, ते लपवायचं कारण नाही. तेव्हा चीनमध्ये बरीच वेगवेगळी राज्यं होती, तो मूळचा त्यातल्या छू राज्यातला. बाप वू श हा युवराजाचा गुरू. राजा पिंगने मुलासाठी ठरवलेली छिन राज्याची राजकन्या स्वतःच करून घेतली, मग एका चहाडखोर दरबाऱ्याचं ऐकून युवराजावरच बंडाचा संशय घेतला आणि खरं बोलणाऱ्या गुरूला कैदेत टाकलं. दोन मुलांना निरोप गेला, या म्हणजे बापाला सोडतो. दोघांनाही कळत होतं की हा सापळा आहे. मोठा भाऊ बापासोबत मरायला गेला, धाकटा वू झीशू पळाला. ही गोष्ट इ.स.पू. ५२२ ची. वाटेत एका म्हाताऱ्या कोळ्याने त्याला नदीपार केलं, याने कमरेची तलवार देऊ केली, शंभर मोहरांची आहे म्हणाला, तर कोळी म्हणाला तुला पकडून दिलं तर धान्याच्या राशी आणि सरदारकी मिळतेय, ती नाही घेतली तर तुझी तलवार घेऊन काय करू.

वू राज्यात (हे राज्याचं नाव, त्याच्या आडनावाशी याचा संबंध नाही) पोचल्यावर हाच माणूस शेतावर गेला, नांगर धरला आणि वेळ येईपर्यंत गप्प राहिला. मग हेलू तिथला राजा झाला, आणि त्याच्यासाठी याने इ.स.पू. ५१४ मध्ये सूझोउची तटबंदी उभी केली. शहर आजही त्याच जागी आहे, म्हणजे अडीच हजार वर्षं झाली. इ.स.पू. ५०६ मध्ये वूच्या फौजांनी छूची राजधानी घेतली, श्रेय सगळे युद्धशास्त्रवाल्या सुन त्झूला देतात पण जुना चिनी इतिहासकार सिमा छियान याने दोघांची नावं बरोबरीने घेतलीयेत. पिंग राजा तोवर मरून गेला होता, तेव्हा याने थडगं उकरून प्रेताला ३०० फटके मारले. मला हा भाग आजही वाचवत नाही. त्याच्या जुन्या मित्राने निरोप पाठवून खडसावलं तर याचं उत्तर होतं की दिवस मावळायला आला आणि वाट अजून लांब आहे, म्हणून मी उलटा चाललो.

पण संपादक महोदय, तुमचा मजकूर इथेच थांबलाय, आणि लोकांनी ज्यासाठी त्याला देव केला ते सगळं याच्या पुढचं आहे.

हेलू शेजारच्या युए राज्याशी लढताना जखमी होऊन मेला. मुलगा फूचाय गादीवर आला, आणि ती गादी मिळवून द्यायलाही वू झीशूच म्हाताऱ्या राजाशी भांडला होता. फूचायने अंगणात एक माणूस उभा करून ठेवला, येता जाता त्याने ओरडायचं, फूचाय, युएच्या राजाने तुझा बाप मारला ते विसरलास का, आणि याने म्हणायचं, नाही विसरलो. इ.स.पू. ४९४ ला युएचा पुरता पराभव झाला, त्यांचा राजा गोउच्यान ५,००० माणसं घेऊन डोंगरावर अडकला आणि तहाची भीक मागायला लागला, फूचायच्या बो पी नावाच्या मंत्र्याला गुपचूप नजराणे पोचले आणि फूचाय विरघळला.

तहाच्या विरोधात वू झीशू एकटा उभा राहिला. त्याचं म्हणणं वाचा म्हणजे कळेल की हा नुसता भडक डोक्याचा माणूस नव्हता. तो म्हणाला, उत्तरेची राज्यं जिंकलीत तरी आपल्याला त्यांच्या जमिनीवर राहता येणार नाही, त्यांचे रथ हाकता येणार नाहीत, पण युएची जमीन आपल्यासारखीच, त्यांच्या होड्या आपण चालवू शकतो, दोघांना वेढणाऱ्या नद्या त्याच, इथे एकच राज्य राहील, ते किंवा आपण. आणि हिशोबच मांडला, दहा वर्षं ते माणसं आणि धान्य जमवतील, दहा वर्षं शिकवतील, वीस वर्षांनंतर आपल्या राजधानीचं तळं झालेलं असेल.

कोणी ऐकलं नाही. फूचाय निघाला उत्तरेच्या छी राज्यावर, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. वू झीशू पुन्हा म्हणाला, युए हे पोटातलं दुखणं आहे, छी म्हणजे नुसती खरूज. नेमकी ती लढाई फूचायने जिंकली, दरबारात जल्लोष झाला आणि म्हातारा खोटा ठरला. मला वाटतं इथे त्याची एक मोठी चूक झाली, वकील म्हणून छीला गेला तेव्हा स्वतःच्या मुलाला तिथेच ठेवून आला, आणि हा फितूर आहे म्हणायला बो पीला आयतं कोलीत मिळालं. इ.स.पू. ४८४ मध्ये राजाकडून एक तलवार आली, हिने स्वतःचा जीव घे असा निरोप. तो म्हणाला, माझ्या थडग्यावर झाडं लावा, राजाच्या शवपेटीला लाकूड लागेल, आणि माझे डोळे काढून पूर्व दरवाज्यावर टांगा म्हणजे युएची फौज आत येताना मला दिसेल. फूचायने चिडून त्याचं प्रेत कातड्याच्या पोत्यात घालून नदीत टाकलं. लोकांनी काठावर देऊळ बांधलं.

युएची फौज इ.स.पू. ४७३ ला आत आली, म्हणजे त्याने सांगितल्यापासून एकविसाव्या वर्षी. मरताना फूचायने तोंड झाकून घेतलं, वू झीशूला कुठल्या तोंडाने भेटू म्हणाला.

हे सगळं सिमा छियानने इतकं जीव तोडून लिहिलंय, कारण तो स्वतः बादशहासमोर एका हरलेल्या सेनापतीची बाजू घेऊन बोलला होता आणि त्यापायी त्याचं पुरुषत्व कापलं गेलं होतं. त्याला माहीत होतं दरबारात तोंड उघडल्यावर काय होतं ते.

सूझोउमध्ये शूमन नावाचा जुना दरवाजा आहे, विटांची कमान, समोर खंदकाचं पाणी. विटा नंतरच्या काळातल्या, पण नाव वू झीशूचं असं तिथले लोक सांगतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी आयी मला तिथे घेऊन गेल्या आणि पानातला एक भात दोरा सोडून पाण्यात टाकायला लावला.

एक विनंती आहे. त्यांच्या आठव्या महिन्याच्या अठराव्या दिवशी हांगझोउजवळ छियानतांग नदीत भरतीची भिंतच्या भिंत उलटी वर चढते, ती बघायला लाखो लोक जमतात आणि जुने लोक म्हणतात की तो वू झीशूचा राग आहे. त्याचे फोटो तुम्ही छापालच, तेव्हा त्याच्यावर एक नीट लेख द्या, फटक्यांच्या पुढचा.

आपली एक नियमित वाचक,
पुणे