रविभवनाचा गिझर आणि आमची गच्ची

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक बांधकाम,
महाराष्ट्र राज्य

विषय : अधिवेशनापूर्वीच्या कामांच्या यादीत वसतिगृहाची एक गच्ची घेण्याबाबत.

महोदय,

सिव्हिल लाइन्समधल्या दुभाजकांना पिवळा-काळा रंग लागला की आम्ही पोरी पेटीतून स्वेटर काढतो. नागपुरात थंडी यायची आणि हिवाळी अधिवेशनाला सरकार यायचं, दोघांची वेळ एकच. मंत्री उतरतात त्या रविभवनाच्या कॉटेजेसना रंग लागतो, आमदार निवासात नळ-दिव्यांची कामं निघतात. आमच्या विद्यापीठाची परीक्षाही याच सुमारास येते आणि तिचंही नाव हिवाळीच. त्यामुळे आईनं फोनवर ‘हिवाळी कधी आहे गं?’ विचारलं, की कोणती ते आधी विचारून घ्यावं लागतं. तिला बहुतेक वेळा अधिवेशनावर निघणाऱ्या मोर्चाची तारीख हवी असते.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते, दुसऱ्या वर्षाला आहे. गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, धानाच्या पट्ट्यात. इथं एका सरकारी वसतिगृहात राहते. कोणत्या, ते मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की गृहपाल मॅडमना नोटीस जाईल आणि पाणी थंडच राहील.

तर पाण्याबद्दल.

आमची सकाळ पावणेपाचला बादल्यांच्या आवाजानं होते. बादल्यांवर नेलपॉलिशनं खोली क्रमांक लिहिलेले असतात आणि रात्री झोपण्याआधीच त्या न्हाणीघरासमोर रांगेत मांडून ठेवायच्या असतात. गच्चीवर पाणी तापवायचा सोलर आहे. त्याचा नळ सोडला की आधी पाइपातलं रात्रभर गारठलेलं पाणी येतं. ते ओतून द्यायला जीव होत नाही, म्हणून ते कपड्यांच्या टबात जातं. मग पाच-सहा बादल्या खरोखर कढत येतात. त्यानंतर कोमट, आणि सव्वापाचला जे येतं त्याला थंड म्हणायचं की सोलरचं, यावर आमच्या मजल्यावर दोन मतं आहेत. परीक्षेच्या दिवशी पहिल्या सहा बादल्या ज्यांचा पेपर आहे त्यांच्या, असा नियम आम्हीच केला. पण हिवाळीत पेपर कोणाचा नसतो?

रॉड लावायला बंदी आहे. ती योग्यच आहे, इमारतीचं वायरिंग तेवढा भार घेणारं नाही. तरी मागच्या वर्षी एकीनं सर्दी-तापात रॉड लावला, दुसरी दारात पहारा देत उभी राहिली, आणि दहा मिनिटांत अख्खा मजला अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी स्पेक्ट्रोस्कोपीचा पेपर होता. मोबाइलच्या उजेडात आम्ही आलेख पाठ केले. त्या मुलीशी चार दिवस कोणी बोललं नाही. मीही नाही, याची आता लाज वाटते.

गंमत अशी, की प्रयोगशाळेत मी दिवसभर गरम पाण्याशेजारीच उभी असते. एस्टर या रसायनाच्या हायड्रॉलिसिसचा, म्हणजे पाण्यानं तुटण्याचा, वेग मोजताना थर्मोस्टॅटमधलं पाणी तासन् तास एकाच तापमानावर ठेवावं लागतं. अंशभर हललं तरी आकडे चुकतात आणि सर पुन्हा करायला लावतात. हात शेकायला म्हणून आम्ही त्याच्या कडेला घोटाळत राहतो. साडेपाचला सुट्टी होते तेव्हा बाहेर सूर्य मावळतीला आलेला असतो, अमरावती रोडवर वाऱ्यानं कान दुखायला लागतात, आणि चौकातल्या तर्री पोह्यांच्या गाडीसमोर उभं राहिलं की तर्रीच्या वाफेत चष्मा भरून जातो. तेवढी एक प्लेट, मग अभ्यासिका, मग बादली रांगेत. डिसेंबरचा दिवस असा संपतो.

ही तक्रार गृहपाल मॅडमकडे चारदा झाली. प्रत्येक वेळी ‘वर कळवलंय’ हेच उत्तर आलं. वर म्हणजे कुठं ते कळेना, म्हणून एका रविवारी किल्ली मागून मी आणि माझी रूममेट सरळ वर गेलो. गच्चीवर.

तिथं पाचशे लिटरच्या दोन टाक्या आहेत. आम्ही साठ मुली. म्हणजे माणशी सोळा लिटर कढत पाणी, त्यात थंड मिसळलं की प्रत्येकीची बादली भरून उरावी. टाकी कमी पडते, हे आम्ही दोन वर्षं समजत होतो ते चूक होतं. दोन्ही टाक्यांना मिळून पाणी तापवणाऱ्या काचेच्या शंभर नळ्या असायला हव्यात. त्यांतल्या ३८ जागी रबरी बुचं कोंबली आहेत. फुटलेली नळी काढायची आणि बुच लावायचं, एवढंच कोणीतरी करत गेलं. उरलेल्यांतली एक आम्ही जपून ओढून पाहिली, तर आत पांढरा थर. बोअरचं पाणी आहे, त्यातला क्षार तो. हे आम्हाला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षालाच शिकवतात. सौम्य आम्लानं धुतला तर निघतो. खाली उतरणाऱ्या पाइपावरचा फोम वानरांनी ओरबाडून नेला आहे, त्याचे तुकडे शेजारच्या कडुलिंबाखाली पडलेले दिसतात. उघड्या लोखंडी पाइपातलं पाणी रात्रभर गारठणार नाही तर काय होईल!

उन्हाला दोष देता येत नाही. आमच्याकडे थंडीची लाट येते ती कोरड्या उत्तरेच्या वाऱ्यानं आणि निरभ्र आकाशात. रात्री जमिनीची ऊब अडवायला ढग नसतात, म्हणूनच तर पारा कोसळतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंशांपर्यंत गेला होता. पण त्याच ढग नसलेल्या आकाशातून दुपारी ऊनही स्वच्छ पडतं. म्हणजे सगळ्यात कडाक्याच्या दिवसांत सोलर चांगला चालायला हवा. नळ्यांचा भाव बाजारात विचारून आलो. एक पाचशेच्या आतबाहेर पडते.

मागच्या अधिवेशनाला आमच्या गावची अंगणवाडीची मदतनीस काकी मोर्चात आली होती. रस्ते बंद, वाहतूक वळवलेली, त्यामुळे मी पेपरला पायी गेले, आणि मोर्चावर वैतागलेही. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा कळलं, ती यशवंत स्टेडियमच्या मांडवात दोन रात्री सतरंजीवर होती. वसतिगृहात पाहुण्यांना रात्री राहता येत नाही. सकाळी बोलावलं. तिनं पिशवीतून घरच्या तांदळाचे पोहे काढून दिले आणि मग जरा संकोचून विचारलं, “बाई, आंग धुवाले गरम पाणी भेटंल का?” साडेसात झाले होते. गावात तिच्याकडे अशा दिवसांत अंगणात तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, शेकोटी असते आणि चुलीवर पाण्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, सतत चढलेला. आल्या माणसाला आधी त्यातलं पाणी देतात. मी तिला नळाखालची बादली दिली. तिनं हात घालून पाहिला, काही बोलली नाही, फक्त तोंड धुतलं.

१९५३ च्या नागपूर करारात वर्षातलं एक अधिवेशन इथं घ्यायचं ठरलं, ते सरकारला विदर्भ जवळून दिसावा म्हणून, असं आम्ही समजतो. आपला मुक्काम सिव्हिल लाइन्समध्ये असतो, तिथून आमची गच्ची फार लांब नाही. नवीन योजना, समिती, पाहणी दौरा, यातलं काही नको. दौरा तर नकोच. दौरा म्हटला की आमच्याकडून तीन दिवस इमारत झाडून घेतात. आपल्या खात्याची अधिवेशनापूर्वीच्या कामांची यादी दरवर्षी निघते. तिच्या शेवटी शहरातल्या सरकारी वसतिगृहांच्या गच्च्या लिहा. जो प्लंबर रविभवनात गिझर तपासतो, त्याला एकेक दिवस तिकडे पाठवा.

आमच्यापुरतं सांगते. ३८ नळ्या, अंदाजे चाळीस फूट पाइपाचं आवरण आणि वानरांच्या हाती लागणार नाही असं त्यावर पत्र्याचं कवच. क्षार धुण्याचं काम आम्ही करू, त्याची सवय आहे. शिडी वसतिगृहात आहे. गच्चीची किल्ली गृहपाल मॅडमच्या टेबलाच्या डाव्या खणात असते, पण त्या दहानंतर येतात, तेव्हा माणसाला लवकर पाठवू नका.

आपली,
खोली क्रमांक ११ मधली एक विद्यार्थिनी