मेळावे होतात, संमेलनं होतात, आता महिन्यातनं एकदा नुसतं बसूया

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी झाली की आपल्या बेळगाव भागात दोन प्रकारचे बॅनर लागतात, एक वधू-वर मेळाव्याचे आणि दुसरे मराठी साहित्य संमेलनाचे. कडोली, उचगाव, सांबरा, बेळगुंदी, येळ्ळूर, तिकडं निपाणीकडं कारदगा, थंडीतल्या रविवारी कुठं ना कुठं ग्रंथदिंडी निघालेलीच असते आणि शहरात कुठल्यातरी कार्यालयात मेळावा भरलेला असतो. मी दोन्हीकडं जाते. पस्तिशी झाली, लग्न झालेलं नाही, म्हणून घरचे मेळाव्याला घेऊन जातात, आणि कथा लिहिते म्हणून संमेलनाला माझी मी जाते. बरीच वर्षं बघून जे मनात साठलंय ते लिहितेय, पत्र लांबलंय पण कृपा करून कापू नका.

सांगायचं एकच आहे. या दोन्ही कार्यक्रमांत स्टेज आहे, माईक आहे, शाल-श्रीफळ आहे, पोटभर जेवण आहे, पण जो माणूस ज्या कामासाठी आलाय त्याला दुसऱ्या माणसाशी निवांत बसून बोलायला मिळत नाही. एकटा आलेला एकटाच परत जातो आणि कविता घेऊन आलेला तीच कविता घेऊन परत जातो. वर्षातनं एकदाचा मोठा कार्यक्रम होऊ दे की, तो पाहिजेच, पण त्याच्या जोडीला महिन्यातनं एकदा छोटी बैठक सुरू करा, एक लिहिणाऱ्यांची आणि एक एकट्या माणसांची.

संमेलनाला नावं ठेवायला मी बसलेली नाही हे आधी सांगते. सीमाभागात संमेलन म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून कळायचं नाही. गावातली माणसं घरोघर फिरून वर्गणी गोळा करतात, बायका पहाटे उठून स्वयंपाकाला लागतात, पोरं लेझीम बसवतात, डोक्यावर कलश घेतलेल्या मुली पुढं आणि पालखीत ग्रंथ, आणि शेतावरनं आलेली माणसं मंडपात बसून दिवसभर भाषणं ऐकतात. १९४६ साली बेळगावात अखिल भारतीय संमेलन भरलं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्या मांडवात झाला. म्हणजे माणसं जमली की काय होऊ शकतं हे आपल्या गावाएवढं दुसऱ्या कुठल्या गावाला माहीत असणार? १९५६ ला आपण कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) आलो, तेव्हापासून मराठी टिकवायची म्हणून जे काही झालं त्यात या गावोगावच्या संमेलनांचा वाटा फार मोठा आहे आणि जे ही संमेलनं भरवतात त्यांच्यापुढं मी हात जोडते.

पण लिहायला नव्यानं लागलेल्या पोराचं काय होतंय ते बघा. कवी संमेलनाचं सत्र शेवटी असतं. तोपर्यंत उद्घाटन लांबलेलं, पाहुण्यांचे सत्कार लांबलेले, दुपारचं सत्र चार वाजता सुरू झालेलं, आणि मग निवेदक सांगतो एकानं एकच कविता, लवकर आटपा, अजून पुष्कळ जण आहेत. तो वाचतो, टाळ्या पडतात, प्रमाणपत्र मिळतं, फोटो निघतो. कविता कुठं जमली आणि कुठं सैल पडली हे कुणीही सांगत नाही, सांगायला वेळच नाही, आणि चारचौघांत सांगितलं तर त्याला वाईट वाटेल म्हणूनपण कुणी सांगत नाही. पुढच्या वर्षी तो तसलीच दुसरी कविता घेऊन येतो. असे कित्येक जण मी बघितलेत ज्यांच्याकडं खरंच काहीतरी होतं, आणि आता ते लिहीत नाहीत.

आम्ही काही जण मिळून एका मराठी शाळेच्या खोलीत, एसडीएमसीला, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीला विचारून, रविवारी दुपारी बसायला लागलोय, त्यातनं जे कळलं ते सांगते म्हणजे दुसऱ्या गावांना उपयोग होईल. एका वेळी दोघांचंच लिखाण घ्यायचं. झेरॉक्स काढून सगळ्यांच्या हातात द्यायची, कारण नुसतं ऐकून चूक सापडत नाही, वाचणाऱ्याचा आवाज चांगला असला तर वाईट कवितापण चांगली वाटते. लिहिणाऱ्यानं मोठ्यानं वाचायचं आणि मग गप्प बसायचं, मला असं म्हणायचं होतं तसं म्हणायचं होतं हे काही सांगायचं नाही, जे कागदावर नाही ते नाहीच. बाकीच्यांनी "छान आहे" हे म्हणायचं नाही. माझं लक्ष इथं सुटलं, हा माणूस मला दिसला नाही, ही ओळ काढली तर काय बिघडतंय, असं नेमकं बोट ठेवून बोलायचं. आणि पुढच्या वेळी तेच लिखाण दुरुस्त करून परत आणायचं. यातलं सगळ्यात अवघड हेच शेवटचं आहे, परत लिहायला कुणालाच नको असतं, नवीन लिहायला सगळे तयार.

आमच्यात उद्यमबागला मशीन शॉपमध्ये काम करणारा एक पोरगा आहे. त्यानं रात्रपाळीवर कथा लिहिली, लेथ, कुलंटचा वास, हातात रुतलेला लोखंडाचा बारीक कीस, सगळं खरं. पण त्याची माणसं तोंड उघडली की पाठ्यपुस्तकासारखं बोलायची, "मला आता विश्रांतीची आवश्यकता आहे" असलं. आम्ही विचारलं, तुझा फोरमन असा बोलतोय काय रे? तो म्हणाला, नाही ओ, पण छापायचं म्हणजे शुद्ध पाहिजे नव्हं? ही भीती आपल्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक लिहिणाऱ्याला आहे. आपल्या बोलण्यात कानडी मिसळलंय, हेल वेगळा आहे, म्हणून आपलं मराठी कमी प्रतीचं असं कुणीतरी कधीतरी डोक्यात घातलंय. त्यानं संवाद परत लिहिले, फोरमन आणि हेल्पर जसे बोलतात तसे, आणि ती कथा एकदम उभी राहिली. संमेलनाच्या स्टेजवर हे कधी झालं असतं? तिथं त्याला टाळ्या मिळाल्या असत्या आणि कथा तशीच राहिली असती.

आता मेळाव्याचं. इथं मला जास्त बोलायचंय कारण इथलं दुःख कुणी बोलत नाही.

मेळाव्यात फी भरायची, बायोडाटा द्यायचा, पुस्तिका छापतात त्यात फोटो येतो. मग नंबर पुकारला की स्टेजवर जायचं, नाव, उंची, शिक्षण, पगार, शेती किती, घर स्वतःचं का भाड्याचं, अपेक्षा काय, बस. पोरं रांगेनं येतात. मुली फार कमी असतात, बऱ्याच ठिकाणी मुलीचे आई-वडीलच वही-पेन घेऊन बसलेले असतात आणि मुलगी घरी. घटस्फोटित आणि विधवा यांचा विभाग पुस्तिकेच्या शेवटी, आणि स्टेजवरपण त्यांची पाळी शेवटी, तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. नवरा वारलेली एक बाई लेकराला मांडीवर घेऊन आपली पाळी येईपर्यंत बसली होती आणि नाव पुकारल्यावर उठलीच नाही. तिच्याशी त्या दिवसात कुणी काय बोललं असेल? मी जाऊन बोलले, तर तिला लग्नाची घाई नव्हतीच, तिला फक्त तिच्यासारख्या दुसऱ्या कुणाशी तरी ओळख पाहिजे होती. असल्या माणसासाठी आपल्याकडं एकपण जागा नाही. देवळात जा म्हणतात, हळदी-कुंकवाला तर बोलवतच नाहीत.

आणि पोरांची हालत काही बरी नाही. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही हे आता पश्चिम भागातल्या प्रत्येक गावात आहे, चाळिशीला आलेली पोरं आहेत, चांगली, कष्टाळू, निर्व्यसनी. २०२२ च्या डिसेंबरात सोलापूरला मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून पोरांनी कलेक्टर ऑफिसवर मोर्चा नेला, त्यानंतर दोन महिन्यांत कर्नाटकातली मंड्याकडची लग्नाची पोरं बायको मिळू दे म्हणून मलेमहादेश्वराच्या डोंगराला चालत गेली. दोन्ही राज्यांत एकच गाऱ्हाणं. लोक हसले. मला हसू आलं नाही. आपली सोयरीक कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगड, आजरा इकडं होते, आणि कोल्हापूर जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेला सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या. ती तेव्हाची लेकरं आता लग्नाला आलीत. गर्भातल्या मुली मारल्या, १९९४ चा कायदा असताना मारल्या, त्याचा हिशोब आता ही पोरं चुकती करताहेत ज्यांचा त्यात काही दोष नाही. वर ज्या मुली आहेत त्यांच्या आई-बापाला शेती पाहिजे पण शेतकरी नको, पुण्याची नोकरी पाहिजे. मग एजंट येतात, लाख-दीड लाख घेतात, लांबनं कुठनं तरी मुलगी आणून लग्न लावतात आणि आठवड्यात ती दागिन्यांसकट जाते, असल्या बातम्या तुमच्याच पेपरात आम्ही वाचतो.

बैठक घेतली म्हणून मुली वाढणार नाहीत, हे मला कळतंय. पण एक सांगते, मला आजवर जी स्थळं आली त्यातल्या कुठल्याच मुलाशी अर्धा तास सलग, घरच्यांशिवाय, बोलायला मिळालं नाही. पोहे, प्रश्न, पत्रिका, नकार किंवा आमचा नकार. तो माणूस कसा आहे, त्याला कशाची भीती वाटते, आईशी कसा बोलतो, काय वाचतो का, ह्यातलं काही कळायच्या आत पगार आणि नाडी यावर विषय संपतो. पाच-सहा बैठका एकाच माणसाला वेगवेगळ्या कामात बघितलं तर शेतकरी मुलाबद्दल मुलीचं मत बदलू शकतं, आणि तीस वर्षांची मुलगी म्हणजे काहीतरी खोट असणार हे मुलाच्या आईचं मतपण बदलू शकतं. म्हणून एकट्या माणसांची बैठक परिचयाची नको, कामाची असू दे. सकाळी येळ्ळूरच्या राजहंसगडावर चालत जावा, गावच्या तळ्याची सफाई करा, मिळून स्वयंपाक करा, कुणी एखादी गोष्ट मोठ्यानं वाचा आणि त्यावर बोला. बायोडाटा घरी ठेवून या. लग्न न झालेले, घटस्फोट झालेले, जोडीदार गेलेले, साठीतली एकटी माणसंपण, सगळे एका ओळीत बसू देत, शेवटचा विभाग वगैरे काही नको. लग्न जमलं तर चांगलंच, नाही जमलं तर निदान दुखण्या-खुपण्याला फोन करावा अशी चार माणसं तरी होतील.

काही नियम मात्र कडक पाहिजेत. बैठक दिवसाउजेडी आणि सार्वजनिक जागेत, घरात किंवा हॉटेलात नाही. गावात ज्यांच्या शब्दाला मान आहे अशा दोन मोठ्या बाया पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर. कुणाचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही, नंबर ज्याचा त्यानं दिला तरच घ्यायचा. आणि जातीचा बोर्ड दारावर नको, प्रत्येक समाजाचे मेळावे वेगळे आहेतच, ही एक जागा तरी सगळ्यांची असू दे.

आता काही जण म्हणतील मग दोन्ही बैठका एकच करा की, लिहिणाऱ्यात एकटे असतातच. नको. हे मी अगदी ठामपणे सांगते. कविता वाचायला आलेल्या मुलीकडं स्थळ म्हणून बघायला सुरुवात झाली की ती पुढच्या महिन्यात येणार नाही, आणि तिच्या घरचे तर तिला पाठवणारच नाहीत. आमच्या गटात एका मावशींनी प्रेमानंच एका मुलीला विचारलं होतं, कुठलं गाव, कोण लोक, काय करतात वडील, आणि ती मुलगी परत आली नाही. तिच्या कवितेत दम होता. लिहायला बसलेली बाई ही तिथं फक्त लिहिणारी आहे, तिचं लग्न झालंय का नाही हा प्रश्न त्या खोलीत यायलाच नको. इंदिरा संत आपल्याच बेळगावात राहिल्या, १९४६ साली पती गेले, पदरात मुलं, शिकवायची नोकरी, आणि त्यांनी लिहिलं. आज तशी एखादी बाई आपल्या शेजारी असेल तर तिला लिहिलेलं वाचून दाखवायला आपण कुठली जागा देतोय, एवढं मला विचारायचंय.

खर्च म्हणाल तर फार नाही. चहा, झेरॉक्स, सतरंजी. जाण्यायेण्याचं म्हणाल तर २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे, खानापूर किंवा निपाणीची बाई बेळगावला येऊन जाऊ शकते, फक्त बैठक चार-साडेचारला संपली पाहिजे म्हणजे गावाकडची गाडी चुकत नाही. आजपर्यंत बायकांचे कार्यक्रम ठरवताना गाडीची वेळ कुणी विचारत नाही, पहिल्यांदा तीच विचारा. जागा म्हणाल तर गावोगाव वाचनालयं आहेत, शहरातलं सार्वजनिक वाचनालय तर १८४८ पासूनचं, मराठी शाळांच्या खोल्या रविवारी रिकाम्या असतात, मंगल कार्यालयं पितृपक्षात, पौष महिन्यात रिकामी असतात. ज्या मंडळांनी एवढी मोठी संमेलनं उभी केली त्यांना महिन्याला एक खोली मिळवणं अवघड नाही.

संमेलनवाल्यांना अजून एक विनंती, येत्या हंगामात सत्कार थोडे कमी करून दुपारचे दोन तास नवीन लिहिणाऱ्यांना द्या, मंडपात नको, बाजूच्या वर्गात, एका जाणत्या लेखकाबरोबर आठ-दहा जण. पाहुणे लेखक एवढ्या लांबनं येतात, भाषण करतात आणि जेवून जातात, त्यांनापण आवडेल हे असं मला वाटतं, कुणी विचारतच नाही त्यांना.

आणि तुम्हाला विनंती, संपादक साहेब. रविवारच्या पुरवणीत एक छोटा चौकोन द्या, कुठल्या गावात कुठल्या तारखेला लिहिणाऱ्यांची बैठक आहे, कुठं एकट्या माणसांची आहे, वेळ आणि जागा, एवढंच, नावं नको. वधू-वराच्या जाहिराती तुम्ही छापताच, त्याच पानावर हे आलं तर ज्याला पाहिजे त्याच्या नजरेला पडेल. आमची लिहिणाऱ्यांची बैठक चालू आहे. एकट्या माणसांची पहिली बैठक संक्रांतीनंतर घ्यायचं आम्ही काही बायकांनी ठरवलंय, शाळेची खोली विचारून ठेवलीय, दोन मोठ्या बायापण तयार झाल्यात. तारीख पक्की झाली की तुमच्या ऑफिसात आणून देते.

आपली,
एक वाचक, बेळगाव तालुका पश्चिम भाग