मित्रास पत्र : गोळ्यांच्या आधी कान

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. साठी उलटल्यापासून ओळखीच्या माणसांची नावे ऐन वेळी ओठांवर येत नाहीत, म्हणून स्मरणशक्ती टिकवणाऱ्या वनस्पतींच्या अर्काच्या गोळ्या तू सुरू केल्या आहेस आणि त्या किती दिवस घ्याव्यात असे मला विचारले आहेस. पण पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावे तसे, मित्रमंडळींच्या गप्पांना जाणे आता सोडून दिले आहे, कारण तिथे सगळे एकदम बोलतात आणि कोण काय म्हणते ते लागत नाही, असेही तू लिहिले आहेस. मला गोळ्यांपेक्षा हे वाक्य फार महत्त्वाचे वाटले आणि हे उत्तर मुख्यतः त्याच्यासाठी लिहितो आहे. आईच्या शेवटच्या वर्षांत स्मृतिभ्रंश मी घरात जवळून पाहिला आणि तेव्हापासून या विषयावर जे विश्वसनीय वाचायला मिळते ते वाचत आलो आहे. मी डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाच.

आधी तुझ्या भीतीविषयी. नाव त्या क्षणी न आठवणे आणि थोड्या वेळाने आपोआप आठवणे हे वाढत्या वयात सर्वसाधारण आहे. तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने पुन्हा विचारणे, नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, वर्षानुवर्षे सहज केलेला हिशेब अचानक न जमणे, ही लक्षणे वेगळी असतात आणि ती सहसा आपल्याआधी घरच्यांच्या ध्यानात येतात. तेव्हा वहिनींना मोकळेपणाने विचार. विस्मरणामागे कधी कधी ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे मंदावलेले काम किंवा मनात साचलेले नैराश्य असते आणि या तिन्हींवर उपचार आहेत, म्हणून एकदा रक्ततपासणी करून घ्यावी हे बरे.

आता कानांकडे येतो. वयाबरोबर ऐकू येणे कमी होते तेव्हा सगळे आवाज सारखे मंद होत नाहीत. उंच पट्टीतले आवाज आधी जातात आणि स, श, फ यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत असतात. स्वर ऐकू येत राहतात, त्यामुळे माणूस बोलतो आहे हे कळते, पण शब्द पुरता हाती लागत नाही, आणि भोवती गलबला असला की उरलेलेही निसटते. म्हणूनच अशी माणसे 'मला ऐकू येते, लोकच नीट बोलत नाहीत' असे मनापासून म्हणतात. तू जे लिहिले आहेस ते याच्याशी इतके जुळते की, तुझी तक्रार स्मरणशक्तीची असण्याइतकीच कानांचीही असू शकते असे मला वाटते. ओळख करून देताना नाव नीट कानावरच पडले नसेल, तर ते पुढे आठवणार कसे?

याचा मेंदूशी संबंध तेवढ्यावर थांबत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने स्मृतिभ्रंशावर नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली बदलता येण्याजोगे १४ धोके नोंदवले आणि ते सगळे दूर करता आले तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू शकेल किंवा लांबू शकेल, असा अंदाज मांडला. हा अंदाज समाजाचा आहे, एकेका माणसाला दिलेली हमी नव्हे; पण त्या यादीत सर्वांत मोठा, प्रत्येकी सुमारे ७ टक्क्यांचा, वाटा दोनच गोष्टींचा आहे : मध्यम वयापासूनचे वाढलेले एलडीएल, म्हणजे अपायकारक, कोलेस्टेरॉल आणि कमी झालेले ऐकू येणे. कारण काय असावे याचा विचार केला की दोन गोष्टी समोर येतात. अर्धवट ऐकलेले वाक्य पुरे करण्यात मेंदूची शक्ती खर्च होते आणि तेच वाक्य लक्षात ठेवायला कमी उरते. दुसरे म्हणजे माणूस हळूहळू बोलणेच टाळू लागतो, आणि एकाकीपणा हा त्याच यादीतला आणखी एक धोका आहे. तू गप्पांना जाणे सोडलेस, म्हणजे या दुसऱ्या वाटेवर पाऊल पडले आहे, आणि मला खरी काळजी त्याची वाटते.

श्रवणयंत्राने स्मृतिभ्रंश टळतो असे मात्र मी तुला सांगणार नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षे एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. सर्वांचा एकत्र विचार करता, यंत्र वापरणाऱ्यांत आणि न वापरणाऱ्यांत आकलनशक्तीच्या घसरणीचा फरक दिसला नाही. पण ज्यांना वय, रक्तदाब, मधुमेह अशा कारणांनी आधीच अधिक धोका होता, त्या गटात ही घसरण ४८ टक्क्यांनी मंदावलेली आढळली. तुला रक्तदाब आहे, म्हणून ही दुसरी बाजू मी तुझ्यासाठी मुद्दाम लिहितो. शिवाय मेंदूचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी मित्रांचे बोलणे पुन्हा नीट कळू लागेल, हा लाभ काय लहान आहे?

रक्तदाबाचे नाव निघालेच आहे, तर त्याविषयी थोडे कठोर बोलू दे. 'त्रास काही होत नाही म्हणून गोळी अधूनमधून घेतो,' असे तू लिहितोस. वाढलेला रक्तदाब जाणवत नाही, हाच त्याचा धोका आहे. आपल्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा वापरतो आणि ती सगळी पोहोचते रक्तातून. त्याच्या खोल भागातल्या अतिसूक्ष्म वाहिन्या वर्षानुवर्षांच्या दाबाने जाड आणि अरुंद होत जातात, तिथल्या पेशींना रक्त कमी पडते, आणि यातले काहीही दुखत नाही. ५० वर्षांवरील ९,००० हून अधिक लोकांवरील एका मोठ्या अमेरिकी चाचणीत एका गटाचा वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केला गेला. २०१९ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार आकलनशक्तीतील सौम्य बिघाडाचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी झाले. स्मृतिभ्रंशातली घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही, कारण चाचणी ठरल्याहून लवकर थांबवण्यात आली होती. तुझ्यासाठी योग्य आकडा कोणता ते तुझे डॉक्टर ठरवतील, कारण उतारवयात दाब फार उतरला तर चक्कर येऊन पडण्याची भीती असते. पण ठरलेली गोळी रोज, ठरल्या वेळी घेणे हे पूर्णपणे तुझ्या हातात आहे.

चालण्याविषयी तुला पटवावे लागणार नाही, तरी एक प्रयोग सांगावासा वाटतो. ५५ ते ८० वयाच्या, फारशी हालचाल नसलेल्या १२० जणांचे दोन गट केले. एका गटाने आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू वाढवत ४० मिनिटांपर्यंत, भरभर चालायचे आणि दुसऱ्याने अंग ताणण्याचे सौम्य व्यायाम करायचे. आठवणी घडवण्यात मोठा वाटा असलेला मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग वयाबरोबर आक्रसतो. वर्षभरानंतर चालणाऱ्यांमध्ये तो सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला दिसला आणि दुसऱ्या गटात सुमारे १.४ टक्क्यांनी घटलेला. हे २०११ साली प्रसिद्ध झाले. प्रयोग लहान होता हे खरे, पण चालण्याने रक्तदाब, साखर आणि झोप या तिन्हींना लाभ होतो, तेव्हा तो सोडण्यासारखा मार्ग नाही.

झोपेसाठी तू सर्दीची जुनी, गुंगी आणणारी गोळी घेतोस, हे मात्र मला मुळीच आवडले नाही. त्या वर्गातली जुनी औषधे ॲसिटिलकोलीन या रसायनाचे काम अडवतात आणि स्मरणासाठी मेंदूला नेमके तेच रसायन लागते. उतारवयात अशा औषधांनी गोंधळल्यासारखे होणे आणि विसरणे वाढते, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक असते. आपण स्मरणशक्तीसाठी एक गोळी घ्यावी आणि रात्री तिच्याविरुद्ध काम करणारी दुसरी, हे योग्य नव्हे. तू मोठ्याने घोरतोस आणि सकाळी ताजेतवाने वाटत नाही, असे वहिनी एकदा म्हणाल्याचे मला आठवते. झोपेत श्वास अडखळण्याचा विकार, म्हणजे स्लीप ॲप्निया, आहे का तेही डॉक्टरांना विचार. तो असेल तर गुंगीच्या औषधाने प्रश्न सुटणार नाही.

आता त्या अर्काच्या गोळ्या. त्यांत मुख्य घटक गिंको बायलोबा आहे असे तू कळवले आहेस. याच वनस्पतीच्या अर्काची ७५ वर्षांवरील ३,०६९ जणांवर दीर्घकाळ चाचणी झाली, रोज १२० मिलिग्रॅम दोनदा दिले गेले, आणि २००८ साली निष्कर्ष आला की स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी झाले नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, धोका कमी करण्यासाठी ब आणि ई जीवनसत्त्वे, ओमेगा-३ सारखी मेदाम्ले किंवा मिश्र पूरके घेऊ नयेत, असे म्हटले आहे. कमतरता तपासणीत सिद्ध झाली तर तिची भरपाई करणे ही निराळी गोष्ट. शिवाय गिंकोने रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते आणि तू रक्त पातळ करणारी गोळी घेतोस, म्हणून डॉक्टरांशी बोलेपर्यंत ती बाटली बाजूला ठेव, ही माझी कळकळीची विनंती.

खाण्याविषयी थोडक्यात लिहितो. हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, अख्खी धान्ये, सुका मेवा अधिक आणि मीठ, साखर, तळलेले कमी, एवढे पुरे. मेंदूसाठी म्हणून आखलेल्या एका आहाराची तीन वर्षांची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तुलनेच्या गटाहून तो ठळकपणे सरस ठरला नाही, त्यामुळे एखाद्या पदार्थावर फार भिस्त ठेवू नये, असे माझे मत झाले आहे. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांपैकी सुमारे निम्म्यांना आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असे सगळे एकत्र दोन वर्षे दिले तेव्हा त्यांच्या आकलनातील सुधारणा तुलनेच्या गटापेक्षा २५ टक्क्यांनी अधिक होती. त्यातल्या कुठल्या एका गोष्टीने ते घडले हे वेगळे काढता येत नाही.

म्हणून तुझ्याकडून पुढच्या पंधरवड्यात दोनच गोष्टींची अपेक्षा आहे. सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, स्वतःच्या मनाने घेतलेल्यासुद्धा, एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखव. आणि कानांची तपासणी करून घे. जाताना वहिनींना बरोबर ने, कारण तुला काय ऐकू येत नाही हे त्या तुझ्याहून अचूक सांगतील. आधी मळ साचला आहे का ते पाहतील, कधी कधी तेवढेच असते. यंत्र लागलेच, तर पहिले काही आठवडे भांड्यांचा, पावलांचा, स्वतःच्या आवाजाचाही त्रास होईल; मेंदूला त्या आवाजांची पुन्हा सवय व्हायला वेळ लागतो, तेव्हा ते काढून खणात ठेवू नकोस, रोज थोडा थोडा वेळ वाढवत लाव आणि खटकेल ते तपासनिसाला सांगून जुळवून घे. तोपर्यंत गप्पांना जाणे मात्र थांबवू नकोस. मित्रांना सरळ सांग की मला कमी ऐकू येते, समोर बसून एकेकाने बोला. तुझ्यावर प्रेम करणारी माणसे आहेत ती, नक्की ऐकतील.

तपासणीचा आलेख हातात आला की त्याची प्रत मला पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना मित्र