महिन्याचा शेवटचा आठवडा

मॅक्डॉवेल काउंटी, वेस्ट व्हर्जिनिया
फेब्रुवारी २०२६

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. तू विचारलंयस, "तिथल्या लोकांकडे गाडी आहे, फ्रिज आहे, त्यातले कितीतरी अंगाने जाड आहेत, मग तू उपाशी कोणाला म्हणतोस?" प्रश्न रास्त आहे. फोनवर दोन वाक्यांत त्याचं उत्तर दिलं असतं तर तुला पटलं नसतं, म्हणून सवडीने लिहायला बसलोय.

आधी ही जागा समजून घे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा, पण डोकी मोजली तर एखाद्या तालुक्यापेक्षाही कमी. सगळा डोंगराळ, कोळशाच्या खाणींचा मुलूख. दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या घळीला इथे 'हॉलर' म्हणतात. मधून ओढा, ओढ्याला लागून एक रस्ता, रस्त्याला लागून घरं, आणि पुढे रस्ता संपतो. १९५० साली इथे जवळजवळ लाखभर माणसं राहत होती. २०२० च्या जनगणनेत १९ हजार उरली. खाणीत यंत्रं आली, मग खाणीच बंद पडत गेल्या आणि ज्यांना जाता आलं ते गेले. मागे राहिले ते म्हातारे, आणि फुफ्फुसात कोळशाची धूळ घेऊन बसलेले माजी खाणकामगार. त्यात वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने मधली पिढी उद्ध्वस्त केली. त्यामुळे कितीतरी घरांत नातवंडं आजी-आजोबांकडे आहेत. इथे त्यांना 'मामॉ' आणि 'पापॉ' म्हणतात. सत्तरीच्या मामॉला गुडघे धड चालू देत नाहीत, पेन्शन एका माणसापुरती आणि खाणारी तोंडं तीन-चार. माझ्या दवाखान्यात अशा बायका रोज येतात.

इथलं सगळ्यात मोठं दुकान जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं. तिथे किराणा, भाजी, औषधं सगळं एका छपराखाली मिळायचं, लोकांच्या नोकऱ्याही होत्या, आणि उरलेला माल गरजूंच्या अन्नपेढीला जायचा. तीन गोष्टी एका दिवशी गेल्या. आता छोटी दुकानं आहेत, पण ताजी भाजी, फळं जरा बऱ्या भावात हवी असतील तर डोंगर ओलांडून शेजारच्या काउंटीत जायचं. सरकारी हिशेबात ग्रामीण भागात सुपरमार्केट १० मैलांहून लांब असेल तर ती वस्ती अन्नापासून दूर मानतात. पण नकाशावरचे मैल सरळ मोजतात आणि इथला एकही रस्ता सरळ नाही.

म्हणून गाडीचं म्हणशील तर ती इथे चैनीची वस्तू नाही. हॉलरपर्यंत बस येत नाही, रिक्षा नाही. गाडी बंद पडली की माणूस हॉलरमध्ये अडकला. मग पहिला खर्च पेट्रोलचा, दुसरा गाडीच्या दुरुस्तीचा, तिसरा विजेचा. या खर्चांत घासाघीस चालत नाही. ज्यात काटकसर करता येते असा खर्च एकच उरतो, पोटाचा. घरात आधी आई कमी खाते, मग आजी. मुलांच्या ताटाला शक्यतो हात लागू देत नाहीत. हे तुला मी सांगायला नको.

आणि बऱ्याच घरांत नळाचं पाणी पिण्याजोगं नसतं. खाण कंपन्यांनी कधीकाळी टाकलेल्या नळयोजना कंपन्यांबरोबरच मोडकळीला आल्या. लोक डोंगरातल्या झऱ्यावरून कॅन भरून आणतात, नाहीतर बाटल्या विकत घेतात. म्हणजे भाकरीच्या आधी पाण्याला पैसे.

आता महिन्याच्या हिशेबाकडे येतो. इथे गरिबांना अन्नासाठी जी सरकारी मदत मिळते तिचं नाव 'स्नॅप', पण म्हातारी माणसं अजून 'फूड स्टॅम्प'च म्हणतात. दर महिन्याच्या सुरुवातीला एका कार्डावर पैसे जमा होतात. सरासरी काढली तर माणशी दिवसाला सहा डॉलरच्या आसपास. एकट्या राहणाऱ्या कित्येक म्हाताऱ्यांना नियमाप्रमाणे किमान रक्कम मिळते, महिन्याला २३-२४ डॉलर. त्या कार्डावर साबण मिळत नाही, बाळाचे डायपर मिळत नाहीत, दुकानात गरम करून ठेवलेलं जेवणही मिळत नाही. पहिल्या आठवड्यात दुकानं भरलेली दिसतात. तिसऱ्या आठवड्यात बटाटे, पाव, डब्यातला घेवडा आणि मक्याचा पाव यांवर घर चालतं. शेवटच्या आठवड्यात काय चालतं ते विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारलं तरी सहज कोणी सांगत नाही.

हा शेवटचा आठवडा मी रक्ताच्या तपासण्यांत पाहतो. इथे मधुमेह घरोघरी आहे. इन्सुलिन नेहमीइतकंच टोचलं आणि जेवण निम्मं झालं की साखर धाडकन खाली येते. माणूस घामाघूम होतो, बरळतो, गाडी चालवता चालवता शुद्ध हरपते. कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की गरीब वस्त्यांतल्या लोकांना साखर उतरल्यामुळे दाखल करण्याचं प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त असतं. पैसेवाल्या वस्त्यांत असा फरक नव्हता. आजार तोच, औषध तेच, फरक फक्त तारखेचा.

जाडीचं उत्तरही यातच आहे. पहिल्या आठवड्यात पोटभर, शेवटच्या आठवड्यात अर्धपोटी, असं वर्षानुवर्षं चाललं की शरीर साठवायला शिकत असावं. आणि एका डॉलरमध्ये जास्तीत जास्त पोट भरायचं असेल तर ते पालेभाजीने भरत नाही, मैदा, तेल आणि साखरेने भरतं. तेव्हा जाड माणूस उपाशी कसा, असं कोणी म्हणालं तर मला राग येतो. तुझ्यावर नाही रे. तू निदान विचारलंस.

आम्ही दवाखान्यात प्रत्येकाला दोन प्रश्न विचारतो. गेल्या वर्षभरात, हाती पैसे येण्याआधी घरातलं खाणं संपेल अशी काळजी वाटली का? आणि आणलेलं खाणं पुरलं नाही, पुन्हा आणायला पैसे नव्हते, असं झालं का? उत्तर 'नेहमी', 'कधीकधी' किंवा 'कधीच नाही'. कागदावर साधी गोष्ट आहे. पण समोरचा माणूस आयुष्यभर जमिनीखाली राबलेला असतो, कोणापुढे हात न पसरलेला. तो खिडकीबाहेर बघतो आणि म्हणतो, "आमचं भागतंय. आमच्यापेक्षा वाईट अवस्थेत लोक आहेत, त्यांना द्या." हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता ते ऐकलं की मी 'होय' समजतो. आमची नर्स याच डोंगरातली आहे. ती प्रश्न विचारतच नाही. "परसात यंदा टोमॅटो कसे झाले? बरण्या किती भरल्या?" असं सुरू करते, आणि पाच मिनिटांत घरातल्या फळीवर काय आहे आणि काय नाही ते तिला कळलेलं असतं.

कारण ही माणसं हातावर हात धरून बसलेली नाहीत. परसात घेवडा, मका, बटाटे लावतात, काचेच्या बरण्यांत हिवाळ्याची बेगमी करतात. वसंतात डोंगरावर 'रॅम्प' नावाची रानकांद्याची पात उगवते, ती खुडून आणतात. नोव्हेंबरात हरणाची शिकार. एक हरीण फ्रीझरमध्ये पडलं की घराला मोठा आधार होतो. शिकारी आपलं हरीण दानही करतात. राज्याची 'हंटर्स हेल्पिंग द हंग्री' नावाची योजनाच आहे, त्यातून मांस कापून, बांधून अन्नपेढ्यांकडे जातं. पण गेल्या वर्षी फेब्रुवारीत इथे मोठा पूर आला. ओढ्याकाठची घरं, रस्ते, पूल वाहून गेले. ज्या फ्रिजबद्दल तू विचारतोस, तो कितीतरी घरांत चिखलात उलटा पडला होता, आणि बरण्यांची फळीही गेली.

तुला इतिहासाची आवड, म्हणून एक मुद्दाम सांगतो. आजच्या फूड स्टॅम्प योजनेची सुरुवातच या काउंटीतून झाली. १९६० च्या निवडणुकीत केनेडी वेस्ट व्हर्जिनियात फिरले, इथलं दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिलं, आणि अध्यक्ष झाल्यावर त्यांचा पहिलाच आदेश गरजूंना जास्त अन्न वाटण्याचा होता. पुढे २९ मे १९६१ रोजी पेन्सव्हिल गावच्या मन्सी दांपत्याने १५ माणसांच्या घरासाठी ९५ डॉलरचे स्टॅम्प घेतले आणि इथल्याच वेल्च गावातल्या दुकानातून घेवड्याचा डबा विकत घेतला. ते या योजनेचे देशातले पहिले लाभार्थी. त्या काळी स्टॅम्प फुकट नव्हते. आधी थोडे पैसे भरायचे, मग जास्त किमतीचे स्टॅम्प मिळायचे. ज्याच्याकडे भरायलाच पैसे नाहीत, तो, म्हणजे सगळ्यात भुकेला, बाहेरच राहायचा. ही अट काढायचा कायदा व्हायला १९७७ साल उजाडलं.

ती अट गेली, पण अट घालायची सवय गेली नाही. धडधाकट माणसाने महिन्याला ८० तास काम दाखवावं, नाहीतर तीन वर्षांत तीनच महिने मदत, असा नियम आहे. २०२५ च्या कायद्याने तो ६४ वर्षांपर्यंतच्या माणसांना लावला, आणि धाकटं मूल १४ वर्षांचं झालेल्या आईबापांनाही. काम मागायचं कुठे, ते कायदा सांगत नाही. याच राज्यात २०१६ साली नऊ काउंट्यांमध्ये असा नियम लावून पाहिला होता, आणि त्यातून रोजगारात काही लक्षणीय फरक पडल्याचं राज्याच्या स्वतःच्याच खात्याला आढळलं नव्हतं. तरी नियम वाढला. साठी ओलांडलेला, पाठीचे मणके गेलेला, पण कागदोपत्री अपंग न ठरलेला माणूस माझ्यासमोर फॉर्म घेऊन बसतो. मी सही करतो. माझ्या औषधापेक्षा त्या सहीने त्याचं जास्त भलं होतं असं मला वाटतं.

यंदाच्या जानेवारीपासून आणखी एक झालंय. फूड स्टॅम्पवर सोडा, म्हणजे बाटलीतली गोड शीतपेयं, घ्यायला राज्याने बंदी केली. डॉक्टर म्हणून मला सोडा नको आहे. त्याने इथले दात आणि स्वादुपिंडं दोन्ही खाल्लीत. पण ज्या घरात नळाला पाणी लालसर येतं, तिथे आधी पाणी द्या आणि मग सोडा काढा, असं माझं मत आहे.

गेल्या नोव्हेंबरात तर कार्डावर पैसे वेळेवर आलेच नाहीत. वॉशिंग्टनमध्ये अर्थसंकल्प अडला, सरकार बंद पडलं, आणि १ तारखेला देशभरातल्या सुमारे ४ कोटी २० लाख लोकांचं अन्नाचं अनुदान थांबलं. १२ तारखेला तिढा सुटला. मधल्या दिवसांत चर्चच्या तळघरातल्या अन्नपेढीसमोर पहाटेपासून गाड्यांची रांग. ज्यांनी आदल्या महिन्यात तिथे डबे आणून दिले होते, त्यातले काही त्या रांगेत उभे होते. लोकांनी जमेल ते केलं, आपल्या फळीवरच्या बरण्यासुद्धा आणून दिल्या. पण देशातल्या अन्नपेढ्यांचा स्वतःचाच हिशेब आहे की त्यांच्याकडून एक जेवण जातं तेव्हा स्नॅपमधून नऊ जातात. दानधर्मावर हे भागणार नाही.

आणि त्याच्या आधी सप्टेंबरात कृषी खात्याने जाहीर केलं होतं की घरोघरच्या अन्नटंचाईचा वार्षिक अहवालच यापुढे बंद. त्या अहवालानुसार २०२३ मध्ये देशातल्या १ कोटी ८० लाख घरांना, म्हणजे शंभरातल्या साडेतेरा घरांना, वर्षात कधी ना कधी पुरेशा अन्नाची खात्री नव्हती. मोजणं थांबवल्याने त्यातलं एकही घर जेवणार नाही.

आता तुझ्या विषयाकडे येतो, शाळेकडे. इतकी वर्षं इथे राहून माझी एकच गोष्ट पक्की झाली आहे: ज्या अन्नाला प्रश्न चिकटलेला असतो, ते खऱ्या भुकेल्यापर्यंत पोचत नाही. शाळेतलं जेवण पोचतं, कारण तिथे प्रश्न उरलेला नाही. पूर्वी 'फुकट', 'सवलतीत' आणि 'पूर्ण पैसे' अशी मुलांची वाटणी असायची, आणि कोण कशातला ते वर्गाला माहीत असायचं. २०१० च्या कायद्याने गरीब भागातल्या शाळांना सगळ्याच मुलांना नाश्ता आणि जेवण फुकट द्यायची मुभा मिळाली. आमच्या काउंटीत तसंच चालतं. फॉर्म नाही, यादी नाही. दुकानदाराचा मुलगा आणि बाप तुरुंगात असलेला मुलगा सारख्याच ट्रेमध्ये जेवतात. मोठी मुलंसुद्धा लाज न बाळगता पुन्हा रांगेत येतात, असं तिथल्या स्वयंपाकीणबाई सांगतात.

शनिवार-रविवारचं मात्र अजून जमलेलं नाही. काही शाळा शुक्रवारी मुलांच्या दप्तरात खाण्याची पिशवी घालतात. शेंगदाण्याचं लोणी, सूप, ओट्स, असं मुलाला स्वतःला उघडून खाता येईल ते. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी २०२४ पासून पात्र मुलामागे १२० डॉलर मिळतात, आणि गावाकडे आता मुलांना एकत्र बसवून जेवू घालण्याची सक्ती राहिली नाही, डबे घरी नेता येतात. हा बदल फार मोलाचा आहे. हॉलरच्या टोकाला राहणारं पोर दुपारच्या एका जेवणासाठी शाळेपर्यंत येणार कसं? इतकी वर्षं तेवढ्या एका नियमापायी ती मुलं सुट्टीभर वगळली जात होती.

शाळेतल्या त्याच स्वयंपाकीणबाई मला म्हणाल्या, सोमवारी नाश्त्याला नेहमीपेक्षा जास्त शिजवावं लागतं, आणि बर्फामुळे शाळा दोन-तीन दिवस बंद राहिली की त्याहूनही जास्त. तुझ्या शाळेत खिचडीचं माप सोमवारी वाढतं का? दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी? नोंदवहीत पटावरच्या संख्येप्रमाणेच आकडा लिहिला जात असेल, तर तुमच्या मावशींना विचार, त्यांना नक्की ठाऊक असेल. मला सविस्तर कळव. इथे पुढच्या महिन्यात शाळा मंडळाची बैठक आहे आणि शुक्रवारच्या पिशव्या सगळ्याच मुलांना मिळाव्यात, असं मी तिथे मांडणार आहे.

काकूंना साष्टांग नमस्कार. वहिनींना आणि मुलांना आठवण सांग.

तुझाच